दुपारची रिकामी कोर्टं: मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांचे आणि क्लबांचे अध्यक्ष, मानद सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

माझे बाबा ३१ वर्षं स्क्वॉशचे, म्हणजे बंदिस्त कोर्टात भिंतीवर रॅकेटने चेंडू मारायच्या खेळाचे, मार्कर होते. आपल्या शहरातल्याच एका जुन्या क्लबात. त्या क्लबाचं नाव लिहीत नाही, कारण मला एकट्या त्या क्लबाबद्दल बोलायचं नाही. आम्ही मार्करची मुलं कधी भेटलो की एकमेकांना जे सांगतो ते थोड्याफार फरकाने सारखंच निघतं, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. दुपारी १२ ते ४ या वेळात तुमची कोर्टं बहुतेक रिकामी पडलेली असतात. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी त्या वेळात ती तुमच्या कामगारांच्या मुलांना आणि जवळच्या महापालिका शाळांतल्या मुलांना खेळायला द्या.

आता हे का मागते आहे ते सांगते.

ज्यांनी क्लब आतून पाहिलेला नाही, त्यांना मार्कर म्हणजे काय हे ठाऊक नसतं. बाबा पहाटेच्या पहिल्या लोकलने निघायचे. कोर्ट उघडायचं, लाकडी फळ्यांवरून कोरडा डस्टर फिरवायचा. पाणी अजिबात लावायचं नाही, लाकूड फुगतं. भिंतींवर चेंडूचे काळे डाग पडलेले असत, ते ओल्या फडक्याने पुसायचे. मग चेंडू गरम करायचा. स्क्वॉशचा चेंडू थंड असला की मेल्यासारखा पडतो, उसळी घेतच नाही. तो भिंतीवर मारून मारून बाबा तयार ठेवायचे, म्हणजे सहाच्या मेंबरला पहिल्या फटक्यापासून खेळता यावं. ज्या मेंबरला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याशी स्वतः खेळायचं. तुटलेल्या रॅकेटला गट, म्हणजे जाळीची दोरी, लावून द्यायचं. लहान मुलांना शिकवायचं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे मेंबरला हरवायचं नाही, पण सहज जिंकूही द्यायचं नाही. चेंडू असा परतवायचा की समोरच्याला धावायला लागेल, घाम निघेल आणि शेवटी आपण चांगलं खेळलो असं वाटून तो खुशीत घरी जाईल. बाबा हे दिवसाला सहा-सहा तास करायचे. कोर्टाबाहेरच्या पॅसेजमध्ये बसून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की आत कोण खेळतंय, चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला की कडेला, आणि टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, कितीदा आदळला.

मार्कर हा शब्द फार जुना आहे. आजच्या टेनिसच्या आधी युरोपात जे बंदिस्त कोर्टातलं टेनिस खेळलं जाई, त्यात चेंडूचा दुसरा टप्पा नेमका कुठे पडला त्यावर गुणांचा हिशेब चाले. ती जागा हेरून ठेवणारा तो मार्कर. आजही स्क्वॉशच्या सामन्यात गुण पुकारणाऱ्याला मार्करच म्हणतात. म्हणजे खेळाच्या व्याकरणातच या माणसाला जागा आहे. क्लबाच्या इतिहासात मात्र ती नाही.

हे म्हणते याचं कारण तो बोर्ड. तुमच्या प्रत्येकाकडे आहे. काळपट सागवानी फळी, वर क्लबाचं चिन्ह आणि खाली सोनेरी अक्षरांत वर्षं आणि विजेत्यांची नावं. दर वर्षी स्पर्धा संपली की पेंटर यायचा आणि बाबा त्याची शिडी धरून उभे राहायचे. एकदा मीही सोबत होते. पेंटरने आधी खडूने बारीक रेघा आखल्या, मग पातळ ब्रशने एकेक अक्षर भरलं. वर्षाचा शेवटचा आकडा भरताना बाबांनी श्वास रोखून धरला होता, हे मला आजही दिसतं. त्या बोर्डावरची सगळी नावं त्यांना पाठ होती. त्यांतल्या निदान दहा-बारा जणांना पहिल्यांदा रॅकेट कशी धरायची हे बाबांनीच दाखवलेलं. क्लबाच्या मोठ्या वर्धापनदिनाला जी जाड स्मरणिका निघाली तिच्यात कमिट्यांचे फोटो आहेत, बारच्या नूतनीकरणाचा फोटो आहे, एका मेंबरच्या कुत्र्याचासुद्धा आहे. एका फोटोत कडेला बाबांचा अर्धा खांदा आलाय. खाली नावं दिली आहेत, त्यांत तो खांदा नाही.

घरी आमच्याकडे मात्र स्क्वॉश होतं. गुळगुळीत होऊन टाकून दिलेले चेंडू बाबा खिशात घालून आणायचे. त्यावरचा पिवळा ठिपका पार पुसून गेलेला असायचा. चाळीच्या मागे पाण्याच्या टाकीची भिंत होती, तिच्यावर मी आणि माझा भाऊ जुन्या रॅकेटने मारत बसायचो. बाबांनी कोळशाने दोन रेघा ओढून दिल्या होत्या. खालची १९ इंचांवर, टिनची. "हिच्या खाली गेला की मेला," इतकंच त्यांनी शिकवलं, बाकीचं भिंतीने शिकवलं.

मी ११ वर्षांची असताना, मे महिन्यात, बाबांनी मला एकदाच खऱ्या कोर्टात नेलं. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर रणरणतं ऊन, क्लबात सामसूम, मेंबर जेवून पांगलेले. दार लावल्यावर आत जो आवाज घुमतो तो मला माहीतच नव्हता. टाकीच्या भिंतीवर चेंडू 'थप' करून पडायचा, इथे बंदुकीसारखा वाजला. मला बाजूच्या भिंतीवरून परत येणारा चेंडू कळेना, कारण आमच्या टाकीला बाजूची भिंतच नव्हती. बाबा हसत होते. क्लबात मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. वीसेक मिनिटं खेळलो असू. मग वर गॅलरीत एक पदाधिकारी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी बाबांना मेमो मिळाला, त्यात 'कोर्टाचा गैरवापर' असे शब्द होते. बाबांनी त्याची घडी करून तो गटच्या डब्यात तळाशी ठेवला. पुन्हा मला कधी नेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते पदाधिकारी वाईट नव्हते. नियम होता आणि तो त्यांनी पाळला. मला बोलायचंय ते त्या नियमाबद्दल.

पेशावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात वडील नोकरीला होते म्हणून हाशिम खान हा मुलगा तिथे बॉल बॉय झाला. कोर्टाला छप्पर नव्हतं, भिंतीपलीकडे गेलेला चेंडू धावत जाऊन आणायचा हे त्याचं काम. वडील गेले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. ऊन तापलं की साहेब लोक सावलीला जायचे आणि कोर्ट मोकळं व्हायचं. त्या मोकळ्या कोर्टात, अनवाणी, फेकून दिलेल्या सामानावर हाशिम शिकला. १९४४ मध्ये त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, आणि ती स्पर्धा झाली होती आपल्या मुंबईत. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला. १९५० मध्ये अब्दुल बारी ब्रिटिश ओपन या स्क्वॉशच्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. हा बारी हाशिमच्याच भागातला, फाळणीनंतर मुंबईत राहिलेला. इजिप्तच्या महमूद करीमने त्याला हरवलं. ज्याला आपण मुंबईत हरवलंय तो तिथवर जातो तर आपण का नाही, या जिद्दीने हाशिम १९५१ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीने लंडनला गेला. तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला होता. अंतिम सामन्यात त्याने त्याच करीमला ९-५, ९-०, ९-० असं हरवलं आणि पुढे एकूण सात वेळा ती स्पर्धा जिंकली. त्याच्या मागोमाग त्याचा भाऊ आझम आणि नात्यातला रोशन. रोशनचा मुलगा जहांगीर याने सलग दहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. जानशेर आठ वेळा विश्वविजेता झाला. ही सगळी मूळची पेशावरजवळच्या एका नवाकिल्ले गावची माणसं.

जगातलं स्क्वॉश चार दशकं एका गावाने हलवलं, त्याची सुरुवात क्लबाच्या रिकाम्या दुपारी झाली. आमच्या बाबांच्याही क्लबात तीच दुपार होती, तेच ऊन, तशीच साहेबांची वामकुक्षी. फरक एवढाच की इथे कोर्टाला कुलूप होतं.

असं फक्त पेशावरलाच घडतं असं वाटत असेल तर आपल्याकडचंही सांगते. १८९०च्या दशकात पुण्यात युरोपियनांच्या पूना क्लबात पालवणकर बाळू हा दलित तरुण महिना चार रुपयांवर खेळपट्टीला रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. तासन्‌तास. त्याला बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. तरी त्या गोलंदाजीतून जो फिरकी गोलंदाज घडला त्याने १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाकडून खेळू लागल्यावरही मैदानाबाहेर त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात येत असे. तुमच्या क्लबांत आज तसं कोणी वागत नाही, हे मला माहीत आहे. पण नेटमध्ये राबवून घ्यायचं आणि सामन्याला बाहेर ठेवायचं ही चाल तिथूनच आलेली आहे. तिची आठवण कोणी तरी करून द्यायला हवी, म्हणून लिहिलं.

आणि पुण्यातच याच्या उलटही घडलं. १९०६ मध्ये सुरू झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ मध्ये क्रीडा स्पर्धा भरवल्या. सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. धावायला उतरलेली बरीच मंडळी शेतकरी होती, अनवाणी पळणारी, कोणी न शिकवलेली. त्यांच्या वेळा पाहून दोराबजींना वाटलं की ही माणसं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. त्यांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि १९२०च्या अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला. त्यात मॅरेथॉन धावणारा फडेप्पा चौगुले होता, तो १९ वा आला. रणधीर शिंदे कुस्तीत कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोचला. एका जिमखान्याने मैदानाची दोरी थोडी सैल केली आणि देशाचं ऑलिंपिक तिथून सुरू झालं. क्लबाचं मोठेपण मला यात दिसतं. तुमच्या स्मरणिकांत अशी पानं असावीत असं मला मनापासून वाटतं.

मी महापालिकेच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्या शाळेला मैदान नाही. तळमजल्यावर एक लांब पडवी आहे, तिच्यात मी रोज चाळीस मुलं उभी करते आणि हात पसरले की शेजाऱ्याला लागतात. अशा मुलांत कोणाचं मनगट किती चपळ आहे हे कळायला रॅकेट लागत नाही. एक मुलगी आहे आठवीतली. फळा पुसायचा डस्टर कोणी फेकला तरी ती तो डाव्या हाताने अलगद झेलते, मान न वळवता. तिची आई एका क्लबाच्या भटारखान्यात भांडी घासते. शाळा सुटल्यावर ती आईकडे जाते आणि मागच्या दाराशी पायरीवर बसून गृहपाठ करते. पायरीपासून स्क्वॉशचं कोर्ट पन्नास पावलांवर आहे. दुपारभर ते बंद असतं. मी स्वतः जाऊन पाहिलंय.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं. तिथेच २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घ्यायचं ठरलं. त्या दिवशी मी बाबांना फोन केला. ते तेव्हा थकले होते, ऐकूही कमी यायचं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "आता पोरं कुठून आणणार?" त्यांचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. शहरात कोर्टं किती, त्यांतली सर्वसामान्य मुलाला दार उघडं असलेली किती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. तो प्रश्न आता मी तुम्हाला विचारते आहे.

तुमची उत्तरं काय येतील याचा मला अंदाज आहे. पहिलं उत्तर, हा खासगी क्लब आहे, मेंबर पैसे भरतात. मान्य. मेंबरांच्या वेळेतलं एक मिनिटही मी मागत नाही. सकाळ त्यांची, संध्याकाळ त्यांची, रविवारही त्यांचा. पण आझाद मैदानाच्या कडेचा काय किंवा मरीन ड्राइव्हचे काय, आपले कितीतरी जिमखाने सरकारने दिलेल्या जागेवर उभे आहेत. ती जागा या शहराची आहे. कायद्याच्या भाषेत बोलायला मी वकील नाही आणि तसा वाद घालायचाही नाही. जमिनीचं देणं म्हणून आठवड्याचे आठ-बारा तास मागते आहे.

दुसरं उत्तर, एकदा सुरू केलं की बंद करता येत नाही, परंपरा मोडते. बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये सुरू झाला तेव्हा भारतीय माणसाला तिथे सभासद होता येत नव्हतं. १९३३ मध्ये त्याच मैदानावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. पुढे दारंही उघडली. म्हणजे परंपरा बदलतात आणि बदलल्यावर क्लब टिकतोसुद्धा. शिवाय परंपराच काढायची तर स्क्वॉशची कुळकथा बघा. ते ज्या रॅकेट्‌स या खेळातून निघालं, तो लंडनमध्ये कर्ज न फेडल्याबद्दल तुरुंगात टाकलेल्या लोकांनी तुरुंगाच्या भिंतीवर खेळून वाढवला. मग तो हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांत गेला आणि तिथे मुलांनी मऊ चेंडू घेऊन त्याचं स्क्वॉश केलं. या खेळाला लागते ती एक चांगली भिंत. ती तुमच्याकडे आहे, आणि तिची डागडुजी तुम्ही इतकी वर्षं मनापासून केली आहे.

तिसरं उत्तर मला जास्त गंभीर वाटतं. मुलांना लागलं तर जबाबदारी कोणाची? इतक्या बंद जागेत रॅकेट डोळ्याला लागू शकते, चेंडू तर लागतोच. त्यासाठी संरक्षक चष्मे लागतील. पालकांचं संमतिपत्र, शाळेचा एक शिक्षक हजर, एका कोर्टात एका वेळी दोघंच आणि बाकीची गॅलरीत. हे सगळं मी लिहून द्यायला तयार आहे. विम्याचं तुमच्या नेहमीच्या माणसाला विचारा. हे न सुटणारं कोडं नाही.

खर्चाचं म्हणाल तर दिवे लागतील आणि चेंडू लागतील. रॅकेटी मेंबरांच्या कपाटांत पडून असतात. बाबा सांगायचे की दर दिवाळीला साफसफाईत ढीगभर निघतात, नवीन गट लावलं की पुढची चार वर्षं चालतात.

शिकवायला कोण, हे मात्र तुम्हीच द्यायचं. तुमच्याकडे जे मार्कर आज आहेत ते. त्यांच्यातले बरेच जण आता कंत्राटावर आहेत, अकरा महिने झाले की कागद नवा. त्यांना या तासांचे वेगळे पैसे द्या आणि 'प्रशिक्षक' असं लिहून द्या. ते कागदावर असणं किती मोठं असतं हे मला घरात बघून माहीत आहे. ३१ वर्षं शिकवून बाबांच्या निवृत्तीच्या पत्रावर हुद्दा होता 'कोर्ट अटेंडंट'. आणि क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत मार्करला खेळू द्या. 'ते व्यावसायिक, आम्ही हौशी' ही भिंत टेनिसने १९६८ मध्येच पाडली, पुढे स्क्वॉशनेही.

बोर्डाबद्दल राहिलं. विजेत्यांच्या फळीवर जागा नसेल तर शेजारी एक लहान फळी लावा आणि आजवरच्या मार्करांची नावं लिहा, वर्षांसकट. जुन्या पगारपत्रकांत सापडतील. आडनावासकट लिहा ही विनंती, कारण त्यांना क्लबात सगळे, आठ वर्षांची पोरंसुद्धा, नुसत्या नावाने हाक मारत. बाबांचं नाव मी या पत्रात मुद्दाम दिलेलं नाही. ते त्या फळीवर वाचायचंय.

शाळेला १५ जूनला सुरुवात होईल. त्याआधी तुमच्यापैकी एकाही क्लबाने होकार कळवला तर पहिल्या मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता मी बारा मुलं घेऊन मागच्या दाराशी येईन. ज्या दारातून तुम्ही म्हणाल त्याने आत येऊ. सगळ्यांच्या बुटांचे तळवे पांढरे असतील, फळ्यांवर काळी रेघ उमटणार नाही. डस्टर फिरवायचा कसा हे मी त्यांना आधीच शिकवून ठेवलंय.

कळावे,
आपली नम्र,
एका मार्करची मुलगी